चिरंजीव ऑस्ट्रेलियाला असतात

लग्नाच्या हॉलमध्ये दोन अनोळखी माणसे शेजारी बसली की पहिल्या पाच मिनिटांत मुलाबाळांची चौकशी होते. अशा वेळी ‘आमचे चिरंजीव ऑस्ट्रेलियाला असतात’ हे वाक्य ज्याला उच्चारता येते, त्याच्या आवाजाला निराळेच वजन चढते. समोरचा गृहस्थ ‘वा, वा!’ म्हणतो आणि स्वतःच्या भोपाळच्या चिरंजिवांचा विषय हळूच पुढे ढकलतो. या वाक्यातल्या ‘असतात’ या क्रियापदाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. कसे असतात, किती दिवस असतात, कोणाच्या मर्जीने असतात, हे विचारण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. मीही ते कधी विचारले नव्हते. यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या वहिनींमुळे तो प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

निमित्त झाले फराळाच्या पार्सलाचे. वहिनींचा मुलगा मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट नावाच्या उपनगरात राहतो. वहिनींनी मला हाक मारली ती पार्सलावर चिकटवायचा कागद भरून द्यायला. टेबलावर डबे मांडलेले होते आणि एक डबा बाजूला, रुसल्यासारखा ठेवला होता.

“त्यात काय आहे, वहिनी?”

“पेढे. पण ते नाहीत जायचे, भाऊजी. दुधाचं चालत नाही म्हणे त्यांना.”

खरेच चालत नाही. आपल्याकडे गुरांना लाळ-खुरकुताचा रोग होतो आणि ऑस्ट्रेलियात तो १८७२ पासून झालेला नाही. मेंढ्यांवर आणि गाईंवर ज्या देशाने संसार उभारला, त्याने दुधाच्या पदार्थांना वेशीवरच थांबवावे, यात मला काही गैर वाटत नाही. विमानतळावर उतरणाऱ्याला जवळचा खाण्याचा जिन्नस कागदावर लिहून द्यावा लागतो आणि लपवला तर दंड होतो. नियम सर्वांना सारखा आहे. आपल्याकडे असा नियम निघाला तर पहिल्याच दिवशी ‘साहेब, घरचेच आहेत हो’ म्हणून निम्मे पेढे साहेबांच्याच तोंडात गेले असते.

कागद भरून झाला. मी सहज म्हणालो, “वहिनी, पार्सल कशाला? तुम्हीच का नाही जाऊन राहत मुलाकडे? इथे एकट्या काय करता?”

वहिनी हसल्या. “माझा नंबर नाही ना लागत! तिथं सध्या विहीणबाई आहेत.”

मला वाटले, घर लहान असेल. घर चार खोल्यांचे आहे. अडचण कायद्यात आहे, आणि ती समजून घ्यायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

आधी एक सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियाला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. तिथे रस्त्याने चालावेसे वाटते, हवा श्वास घेण्याजोगी असते, सुताराच्या आणि नळ दुरुस्त करणाऱ्याच्या कामाला मान असतो. जुना इतिहास काळा होता हे खरे. १९०१ च्या कायद्याने परक्याची एक परीक्षा घेत. अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे शुद्धलेखन! नको असलेला माणूस नापास होईल, अशीच भाषा निवडायची. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या बहुभाषी लेखकाला त्यांनी स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत नापास केले आणि पुढे न्यायालयात स्वतःचेच हसे करून घेतले. ती परीक्षा १९५८ मध्ये गेली, गोऱ्यांपुरता देश ठेवण्याचे धोरण १९७३ पर्यंत मोडीत निघाले आणि १९७५ मध्ये वर्णभेदाला बंदी करणारा कायदाही झाला. २०२१ च्या शिरगणतीत भारतात जन्मलेले सुमारे पावणेसात लाख लोक तिथे राहत होते. आता कातडी पाहून कोणी दार लावत नाही.

आता वय, पगार आणि खर्च पाहतात.

विद्यार्थी म्हणून गेलेल्याची कहाणी आपण बहुतेक ऐकलेलीच असते. नुसत्या अर्जाची फी १ जुलै २०२४ रोजी ७१० डॉलरवरून १६०० झाली आणि पुढच्याच जुलैत २०००. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही. सरकारी वैद्यकीय मदतीची जी मेडिकेअर योजना आहे ती त्याच्यासाठी नाही, विमा स्वतः काढायचा. पुढे नोकरीचा तात्पुरता व्हिसा मिळाला तरी न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात अशा काहींना मुलांच्या सरकारी शाळेचीही फी भरावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षे तात्पुरत्या रहिवाशाला जुने, बांधलेले घर विकत घेण्यास मनाई केली गेली. बाहेर शिकलेल्या डॉक्टरला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही साधारण दहा वर्षे, जिथे डॉक्टरांची वाण आहे अशाच भागात बसावे लागते, नाहीतर त्याच्या रोग्यांना मेडिकेअरचे पैसे मिळत नाहीत. आणि इंजिनियर मंडळींना ‘इथला अनुभव काय?’ हा प्रश्न. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हे सगळे तरुणपणी सोसता येते. नोकरीसाठी मुंबईला आलेल्या आपल्या वडिलांनी खानावळीत आणि चाळीच्या गॅलरीत काय कमी सोसले? त्याबद्दल मी रडगाणे गाणार नाही.

वहिनींच्या मुलाने हे सारे पार केले. तो आज तिथला नागरिक आहे. परकेपणा संपला, असे त्याला वाटत होते. तो संपला नव्हता, फक्त त्याच्यावरून उठून त्याच्या आईवर जाऊन बसला होता.

तिथल्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुले. आई-वडील हे नातेवाईक. त्यांना कायमचे बोलवायचे तर दोन वाटा आहेत. एक स्वस्त. तिच्यात अर्ज करून आज रांगेत उभे राहिले तर सरकारच्याच अंदाजाने तीस वर्षांच्या वर थांबावे लागते. वहिनींना यंदा अडुसष्टावे लागले. म्हणजे शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांना बोलावणे येईल. दुसरी वाट महाग. माणशी सुमारे ४८ हजार डॉलर, आपले पंचवीस लाखांच्या वर, आणि तरीही दहा वर्षांहून अधिक थांबायचे. २०२३ मध्ये त्यांच्याच सरकारने नेमलेल्या समितीने लिहिले की जो व्हिसा बहुधा कधीच हाती येणार नाही, त्याचा अर्ज लोकांना करू देणे हा निष्कारण क्रूरपणा आहे. त्यांची बाजूही आहे. २०१६ मध्ये तिथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने हिशेब मांडला होता की असा एक म्हातारा जीव देशात कायमचा आला तर त्याच्या हयातीत सरकारी तिजोरीला ३ लाख ३५ हजार ते ४ लाख १० हजार डॉलरचा भार पडतो. आकडा खोटा नसेल. पण आईची किंमत एवढी नेमकी काढलेली मी प्रथमच पाहिली.

आणि या रांगेत उभे राहण्याआधी आणखी एक चाळणी आहे. निदान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात तरी हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त तरी हवीत. वहिनींना तीन मुले. दोन लेकी, त्यांतली एक ठाण्याला, दुसरी नाशिकला. एकास दोन. वहिनी नापास! शुद्धलेखनाच्या परीक्षेची मला आठवण झाली, पण ते वहिनींना सांगितले नाही. ज्या दोन मुलींच्या लग्नांसाठी हात राखून संसार केला, त्यांच्यामुळे आपली वाट अडली हे कळून त्या नुसत्या म्हणाल्या, “लेकी परक्याच्या घरच्या असं आपण म्हणतो. तिकडे मात्र मोजतात हो त्यांना!”

उरली ती तात्पुरती सोय. २०१९ मध्ये त्यांनी एक व्हिसा काढला. सुरू झाला तेव्हा तीन वर्षांना पाच हजार डॉलर आणि पाच वर्षांना दहा हजार. तो पुन्हा मिळतो, पण मध्ये निदान नव्वद दिवस देशाबाहेर काढायचे, आणि एकंदर दहा वर्षांच्या वर राहायचे नाही. साठीत गेलेल्याला सत्तरीत परत पाठवायचे, म्हणजे नातवंडांना न्हाऊ-माखू घालून झाले आणि आपल्याला हात धरून न्यायची वेळ आली की परतीचे तिकीट.

शिवाय एका घराने एका वेळी दोनच आई-वडील बोलवायचे. दोन! नवऱ्याचे दोन आणि बायकोचे दोन मिळून चार होतात हे गणित करणाऱ्याला ठाऊक नसावे, असे नाही. कोणाचे ते तुम्हीच ठरवा, असे त्याने त्या घरावर सोपवले आहे. टार्नीटच्या त्या जेवणाच्या टेबलावर हे ठरले तेव्हा काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. सूनबाईच्या आई-वडिलांचे सांगलीला मागेपुढे कोणी नाही, वडिलांचे गुडघे गेलेले. ती दोघे गेली. वहिनींनीच म्हणे फोनवर सांगितले, “त्यांना आधी ने, माझ्या दोन लेकी आहेत इथं.” वहिनी पाहुणी म्हणून जाऊ शकतात, दोनदा जाऊनही आल्या. पण पाहुणी ही पाहुणीच. मेडिकेअर नाही, आणि या वयाला विमा कंपनी जुन्या दुखण्यांना हात लावत नाही. तिथे असताना दाढ दुखली तर त्यांनी लवंग धरून आठ दिवस काढले. मुलाला खर्चात घालायचे नाही म्हणून त्याला सांगितले सुद्धा नाही.

हे ऐकताना मला वहिनींच्या यजमानांची आठवण येत होती, आणि वहिनींनाही येत असावी, कारण मध्येच त्या उठून डबे पुसू लागल्या.

ते गेले ते एप्रिल २०२१ च्या अखेरीस. त्या साथीत ऑस्ट्रेलियाने आपली दारे २० मार्च २०२० रोजी बंद केली होती. पैसे नसलेल्या तात्पुरत्या लोकांनी आणि पाहुण्यांनी आपापल्या घरी जावे, असे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी एप्रिल २०२० मध्ये सांगूनही टाकले होते. नागरिकाला देखील देशाबाहेर पडायला परवानगी लागे. २७ एप्रिल २०२१ रोजी भारतातून येणारी विमाने थांबवली गेली, आणि ३ मेपासून भारतातून कुठल्याही वाटेने परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकाला पाच वर्षांपर्यंत कैद वा ६६,६०० डॉलर दंड, असा हुकूम निघाला. १५ मे रोजी तो उठला. परंतु वहिनींचे घर उलटेपालटे झाले ते नेमके त्या पंधरा-वीस दिवसांत. सूनबाईला आठवा महिना होता. मुलगा इकडे आला असता तर परत केव्हा जाणार, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. तो आला नाही. त्याने सगळे फोनवर पाहिले. फोन धरून मी उभा होतो. माझा हात हलत होता म्हणून तो सारखा म्हणत होता, “काका, जरा स्थिर धरा.”

पुढे वहिनींना तिकडे न्यावे म्हटले तर आई-वडील हे ‘जवळच्या कुटुंबात’ मोडत नव्हते. ते मोडू लागले १ नोव्हेंबर २०२१ पासून. तोवर नात पाच महिन्यांची झाली होती.

मुलाला बोल लावणारे आमच्या सोसायटीत कमी नाहीत. ‘बाप गेला तरी आला नाही’ हे वाक्य जिन्यात मी स्वतः ऐकले आहे. बोलणाऱ्याचा मुलगा पुण्याला आहे, आणि तोही वर्षातून दोनदाच येतो, ही गोष्ट वेगळी. वहिनी असल्या बोलण्याला एकच उत्तर देतात: “आला असता तर मीच हाकलून दिला असता.”

मुलगाही सुखात आहे असे नव्हे. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचा झाला त्या दिवशी इथला पासपोर्ट परत करावा लागला. आता तो इकडे येतो तो ‘ओसीआय’ कार्डावर. मत देता येत नाही. वडिलांची गावाकडची दोन एकर वारशाने मिळतील, पण शेजारचा गुंठाभर तुकडा विकत घेता येणार नाही. आणि तिकडे ३१ ऑगस्ट २०२५ रोजी शहराशहरांतून परक्यांच्या विरुद्ध मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकांत भारतीयांचे नाव घेतलेले होते. सरकारने निषेध केला, शेजारच्या गोऱ्या बाईने मुद्दाम केक आणून दिला. तरी त्या दिवशी त्याने मुलीला बागेत नेले नाही. हे त्याने आईला सांगितले नव्हते, मला सांगितले.

मी वहिनींना शेवटी विचारले, “तुम्हांला खरंच जायचं आहे का?” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिथं दुपारी फार शांत असतं, भाऊजी. कुणी दार वाजवत नाही. मला करमत नाही. पण जायचं नाही हे माझं मी ठरवलं असतं, तर बरं वाटलं असतं.”

पेढ्यांचा डबा मी घरी घेऊन आलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहिनींकडे दुपारी यायचे आमंत्रण आहे. तिकडे घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास. वसंत ऋतू असल्यामुळे सूर्य आठच्या सुमाराला मावळतो आणि मग नात पणत्या लावते. म्हणजे आपल्याकडे अडीच वाजलेले असतात. वहिनी त्या वेळी नऊवारी नेसून, खिडक्यांचे पडदे ओढून, फोनसमोर बसतात. दारात ऊन रणरणत असते, आणि आपली पणती त्या त्याच वेळी लावतात.