बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

बाळंतिणीच्या नैराश्याचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. हे शहरातल्या, विभक्त कुटुंबातल्या बायकांचं दुखणं. आपल्याकडे लेक माहेरी येते, सव्वा महिना मालिश, शेक-शेगडी, अळिवाचे लाडू, भोवती आई-मावश्यांचा राबता, मग तिचं मन खचेलच कसं? यात तथ्य आहे. विश्रांती, गरम जेवण आणि बाळाला घ्यायला आणखी चार हात यांची जागा कुठलंही औषध घेऊ शकत नाही. पण एवढ्यावर प्रश्न मिटला असं मानणं चुकीचं आहे, आणि त्याची झळ आई-बाळ दोघांनाही बसते.

विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गर्भवतींचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के बायका नैराश्यात होत्या. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं आपोआप थांबतं. हे त्यातलं नव्हतं. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. सव्वा महिना उलटल्यानंतरचे हे आकडे आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. कारणं होती गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. मुलगी झाली तर धोका वाढत होता. म्हणजे पुष्कळ जणींच्या बाबतीत दुखण्याचं मूळ घरातच होतं, आणि आपण उपायही त्याच घरावर सोपवून मोकळे होतो. ‘आधी बाळाचं बघा’ म्हणणाऱ्यांनी याच अभ्यासाचा पुढचा भाग पाहावा: नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात आणि उंचीत मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं.

यावर विचारलं जातं, गावोगाव मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? त्यांच्यासाठी अडून राहायचं कारण नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांनी साध्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकरवी नैराश्यातल्या गरोदर आणि बाळंतिणींना घरी जाऊन आधार दिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहा महिन्यांनी नैराश्य उरलं होतं २३ टक्के जणींत. हा आधार न मिळालेल्या गटात ते ५३ टक्के होतं. आपल्याकडे तर दारापर्यंत जाणारी वाट आधीच पडलेली आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि आज देशभर आशाताई दवाखान्यात प्रसूत झालेल्या बाईकडे ४२ दिवसांत सहा वेळा जातात. बाळाचं वजन होतं, ताप मोजला जातो. त्याच भेटीत ‘झोप लागते का, कशात मन रमतं का, जीव नकोसा होतो का’ हे विचारता येईल. मात्र ते एकटीला विचारायला हवं. सासू शेजारी बसलेली असताना खरं उत्तर येणार नाही.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मला सगळ्यात सबळ वाटतो. प्रशिक्षण आणि मोबदला न देता हे काम त्यांच्या माथी मारलं, तर रकाना भरेल आणि बाई तशीच राहील. म्हणून मागणी पूर्ण करायला हवी: या कामाचे वेगळे पैसे, प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक, गंभीर त्रासात असलेल्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत नेण्याची सोय. शिवाय ही विचारपूस ४२व्या दिवशी थांबू नये; तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत बाळासाठी ज्या पाच भेटी ठरल्या आहेत, त्यांतही ती व्हावी.