भागीदारांची नावे सरकारी रजिस्टरात आहेत काय?

शहाड, उल्हासनगर, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातला कापडाचा धंदा उधारीवर चालतो. माल आज जातो, पैसा दोन-तीन महिन्यांनी येतो. सौदा जबानवर होतो, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु पार्टीने हात वर केले की प्रकरण कोर्टात जाते आणि तेथे कागद बोलतो.

आपल्या पुष्कळशा पेढ्या बापलेकांच्या किंवा भावाभावांच्या भागीदारीत आहेत. कंपनीची नोंद केंद्र सरकारकडे होते. भागीदारीची मात्र राज्य सरकारच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात या नोंदणीची सक्ती नाही. म्हणून लोक म्हणतात, "गुमास्ता आहे, जीएसटी नंबर आहे, आणखी काय पाहिजे?"

त्याच कायद्याचे कलम ६९ पाहा. नोंदणी नसलेल्या पेढीला शंभर रुपयांवरच्या उधारीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. आपल्यावर मात्र कोणीही दावा लावू शकतो! दावा लावल्यावर धावपळ करून नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. मुदत शिल्लक असेल तर नवा लावावा लागतो.

एवढ्यावर भागत नाही. दाव्याच्या दिवशी जे भागीदार आहेत त्यांची नावे रजिस्टरात हवीत. श्रीराम फायनान्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात ती नव्हती, म्हणून १९८९ साली सुप्रीम कोर्टाने नोंदणीकृत पेढीचाही दावा टिकू दिला नाही. आपल्याकडे नेमके हेच घडते. अब्बा मरहूम होतात, मुलगा गल्ल्यावर बसतो, नवे डीड बँकेत पोचते, पण रजिस्ट्रारकडे जात नाही. महाराष्ट्रात असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो; उशीर झाल्यास दिवसागणिक दंड बसू शकतो. जो भाऊ वेगळा झाला, त्याने जाहीर नोटीस दिली नाही तर पेढीच्या पुढच्या कर्जाचा बोजाही त्याच्यावर येऊ शकतो.

"घरच्या माणसात लिखापढी कशाला?" असे विचारणाऱ्यांनी सूरह बकराची २८२ वी आयत वाचावी. उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहिण्याचा कंटाळा करू नका, अशी तेथे ताकीद आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्यामागे राहणाऱ्या बेवा-यतीमांच्या हक्काची ती राखण आहे.

आपल्या नावांचीही एक अडचण असते. आधारवर मोहम्मद, पॅनवर मुहम्मद, डीडवर नुसते एमडी. ते आधी एकसारखे करून घ्यावे. सरकारनेही अशा किरकोळ फरकासाठी साधे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे.

बंधूंनो, फी भरून रजिस्टरचा उतारा कोणालाही मिळतो. या महिन्यात आपल्या पेढीचा उतारा काढा आणि त्यातली नावे वाचा. जे हयात नाहीत त्यांच्या नावावर वसुली होत नाही.