सात मिनिटं मागे

आजोबांचं चावीचं एचएमटी घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडतं. तरी मनगटावर तेच. अंगावर टसरची करवतकाठी साडी, पायात लालभडक कॅनव्हासचे बूट. नागपूरच्या इतवारीत बायका वळून बघतात. बघू द्या ना!

करवतकाठीचा काठ करवतीच्या दातांसारखा. काठाचे धोटे वेगळे, अंगाचा वेगळा. दाते विणताना नजर हलली की गडबड. एम्प्रेस मिल 1877 मध्ये इथंच सुरू झाली, पण हा काठ हातमागाचाच. पैठणीचं कौतुक पुण्या-मुंबईला खुशाल असो. माझं राज्य महाराष्ट्र, पण कपाटात आधी विदर्भ.

तुमच्या ट्रंकेत काय दडलंय? फोटो काढा, चार ओळी लिहा, आमच्याकडे पाठवा.