खूण पोलिसाला कळावी, साऱ्या रस्त्याला नको

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत ऑटिझम असलेला मुलगा किंवा मुलगी आता गाडी चालवू लागली आहे, त्या घरांसाठी हे आवाहन आहे. अशा चालकांच्या गाडीला वेगळी नंबरप्लेट द्यावी, असे प्रस्ताव तिथल्या राज्यांच्या विधिमंडळांपुढे येतात. तुमच्या राज्यात असे विधेयक आले, तर घाईने पाठिंबा देऊ नका. पण ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्पही बसू नका.

या मागणीमागची भीती खरी आहे. रात्रीची वेळ, मागे लाल-निळे लखलखणारे दिवे, सायरन, मग थेट डोळ्यांवर टॉर्च. कुणीही गांगरेल. ऑटिझम असलेल्या अनेकांना तर असा उजेड आणि आवाज सोसतच नाही. मग ते नजर टाळतात, उत्तर द्यायला वेळ लावतात, विचारलेला प्रश्नच परत म्हणतात, हात झटकत राहतात. पोलिसाला त्यात लपवाछपवी दिसते किंवा नशा. २०१७ मध्ये ॲरिझोनातल्या बकाय शहरात १४ वर्षांचा एक मुलगा बागेत हातातली दोरी हलवत होता. स्वतःला शांत ठेवण्याची त्याची ती रीत होती. एका अधिकाऱ्याला तो नशेत वाटला आणि त्याने त्याला जमिनीवर दाबून धरले. तेव्हा तो मुलगा गाडीतही नव्हता.

म्हणून पोलिसाला आधी कळायला हवे, हे मान्यच. पण नंबरप्लेट फक्त पोलिसाला दिसत नाही. ती मॉलच्या पार्किंगमध्ये दिसते, कॉलेजच्या आवारात दिसते, घरासमोर रात्रभर दिसते. एकटा, भोळा माणूस हेरून त्याला लुबाडणाऱ्यालाही ती दिसते. आपल्या मुलाची ही गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा त्याचा हक्क त्या पत्र्यावर कायमचा संपतो.

पोलिसाला कळेल, पण रस्त्याला नाही, अशी सोय काही राज्यांनी केलेली आहे. ओहायोमध्ये २०१८ पासून आणि टेक्ससमध्ये २०१९ पासून संवादात अडचण असलेल्या माणसाला स्वतःहून, तज्ज्ञाच्या दाखल्यासह, गाडीच्या नोंदणीला ही माहिती जोडता येते. टेक्ससचा हा कायदा सॅम्युएल ॲलन या तरुणाच्या नावाने ओळखला जातो. पोलिसाने गाडीचा नंबर तपासला की सूचना त्याच्यासमोर येते. प्लेट मात्र इतरांसारखीच साधी राहते.

कनेक्टिकटने २०२० मध्ये निळा लिफाफा आणला, पुढे मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनीही तो घेतला. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद त्यात ठेवायचे. चालकाशी कसे बोलावे, हे लिफाफ्यावर पोलिसासाठी छापलेले असते आणि चालकासाठीही सूचना असतात. कुणाला दाखवायचा, हे चालकाच्या हाती राहते.

दोन्हींत उणिवा आहेत. नोंद गाडीला चिकटलेली असते. ती गाडी भाऊ चालवत असेल, तर सूचना चुकते. लिफाफा काढायला हात हलवावा लागतो आणि नेमके तेच पोलिसाला धोक्याचे वाटू शकते. म्हणून दोन्ही सोयी हाताशी असाव्यात. आणि समोरच्या पोलिसाला ऑटिझम म्हणजे काय हेच शिकवलेले नसेल, तर प्लेट, नोंद, लिफाफा, सगळेच व्यर्थ.

तेव्हा विधेयक हाती आले की तीन गोष्टी पाहा. ते पूर्णपणे ऐच्छिक आहे का, आणि उद्या नको वाटले तर नाव काढून घेता येते का? माहिती कोणाकोणाला दिसणार? पोलिसांच्या प्रशिक्षणाची तरतूद त्यात आहे का? उत्तरे समाधानकारक नसतील, तर आपल्या भागातल्या आमदाराला पत्र लिहा, समितीच्या सुनावणीत बोला. नागरिकत्व नाही, मत देता येत नाही, म्हणून मागे राहू नका. तुम्ही तिथले रहिवासी आहात आणि तुमचे मूल तिथल्याच रस्त्यावर गाडी चालवते.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. घरचा सराव आजच सुरू करा. भारतात गाडी अडवली की आपण खाली उतरून हवालदाराशी बोलायला जातो. अमेरिकेत तसे केले तर जिवावर बेतू शकते. गाडीतच बसायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, कागद काढण्याआधी तसे सांगायचे, हो म्हटल्यावरच हात हलवायचा. हे नुसते समजावून भागत नाही. घरातल्या कुणीतरी पोलीस व्हा, काचेवर टकटक करा, टॉर्च लावा, पुन्हा पुन्हा करून घ्या. काही ठिकाणी पोलीसच असा सराव घेतात. जवळच्या ठाण्यात विचारून पाहा.

आणखी एक, मनाला लागणारे. आपल्यातली पुष्कळ घरे मुलाचा ऑटिझम नातेवाइकांपासून लपवतात. लोक काय म्हणतील, धाकटीचे लग्न कसे जमेल, या काळजीने. तीच घरे मग नोंदही करत नाहीत आणि लिफाफाही घेत नाहीत. चारचौघांत जाहीर न करणे हा त्या मुलाचा अधिकार आहे. पण ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे, त्याच्यापासून ते दडवणे हा धोका आहे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

आणि हे सगळे त्याच्याशी, तिच्याशी बोलून ठरवा. गाडी चालवण्याइतका जो जाणता झाला आहे, तो स्वतःबद्दल काय सांगायचे हेही ठरवू शकतो. वेगळ्या प्लेटच्या बाजूने असो वा विरोधात, आमदाराला जाणाऱ्या पत्रावर पहिली सही त्याची असू द्या. तुमची त्याच्याखाली.