म्हातारपणाचा खोडवा



न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले. आज आपल्यातल्या काहींची पोरे तिकडे कामाला आहेत. गावात राहिला ऊस आणि म्हातारे आईबाप.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना, जमीन कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. घरातल्या अशा वृद्धांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. पण ते योजनेतल्या इस्पितळात दाखल झाल्यावरच. घरी सोडल्यावर औषध-तपासणीची सोय फक्त 15 दिवस. पुढे महिनोन् महिने कूस बदलणे, अंग पुसणे, व्यायाम करून घेणे, किंवा त्यासाठी बाई ठेवणे याला कार्ड चालत नाही.

नुसत्या कार्डावर भिस्त ठेवणे म्हणजे लागण जोमात आणि खोडवा वाऱ्यावर! आमचे मत स्पष्ट आहे. आधारवरचे वय तपासून कार्ड लगेच काढा. उसाच्या प्रत्येक हप्त्यातून घरच्या शुश्रूषेसाठी थोडे बाजूला टाका. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी येऊन पाहण्याची तरतूद सरकारच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती मागा.

एवढे केले नाही, तर सगळा भार एकट्या सुनेवर पडतो. तिलाही शेत आहे, पोरे आहेत, हे विसरू नये.