विरोध आणि द्वेष

ब्रेंडन आइक हे जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचे जनक. २४ मार्च २०१४ रोजी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक जाहीर झाली आणि ३ एप्रिलला त्यांनी ते पद सोडले. कारण जुने होते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’ या सार्वमताच्या प्रस्तावाच्या प्रचाराला त्यांनी १,००० डॉलर दिले होते. तेथील कायद्यानुसार १०० डॉलर वा अधिक देणाऱ्याचे नाव आणि नोकरीचे ठिकाण जाहीर होते; ही देणगी तशीच उघड झाली. नेमणुकीनंतर ओकेक्युपिड ही डेटिंग साइट फायरफॉक्समधून उघडणाऱ्यांना दुसरा ब्राउझर वापरण्याची विनंती दिसू लागली.

ही देणगी म्हणजे द्वेष होता का? द्वेष हेतूत असतो आणि हेतू वागण्यातून कळतो. आइक यांच्या वागण्यात भेदभाव कधी दिसला नाही, असे मोझिलाच्या तत्कालीन अध्यक्षा मिचेल बेकर यांनी लिहिले. समलिंगी विवाहाचे जुने पुरस्कर्ते आणि स्वतः समलिंगी असलेले लेखक अँड्र्यू सलिव्हन यांनीही आइक यांच्या गच्छंतीवर टीका केली.

दुसरी बाजूही हलकी नाही. सुमारे ५२ टक्के मतांनी बंदी मंजूर झाली आणि जून २०१३ पर्यंत नवे समलिंगी विवाह बंद राहिले. पैसा कायदा बदलायला दिला जातो, तेव्हा मत खासगी उरत नाही. तरीही हेतू आणि परिणाम वेगळेच मोजावे लागतात: परिणाम अन्यायाचा असला, म्हणून हेतू द्वेषाचाच ठरत नाही, आणि हेतू निर्मळ असला, म्हणून अन्याय पुसला जात नाही.