तळ्याकाठचा एक तास

मैत्रिणींनो, घाटकोपरच्या एका वाचक भगिनीनं विचारलं आहे, "डॉक्टर म्हणतात, रोज भरभर चाला, जमेल तसं पळा. पण पळायचं कुठं? आणि कोणत्या तोंडानं? चाळिशीकडं झुकलेली बाई पळताना दिसली की लोक विचारतात, गाडी चुकली का!"

प्रश्न दोन आहेत. 'कुठं' हा सोपा, म्हणून आधी तो घेऊ.

आपण उपनगरातल्या बायका स्वतःला गर्दीतल्या समजतो, पण निसर्गानं आपल्याला भरभरून दिलं आहे. विहार, तुळशी आणि पवई असे तीन मोठे तलाव आपल्या अंगणात आहेत. विहार १८६० साली पुरा झाला. त्याआधी मुंबई विहिरींच्या आणि टाक्यांच्या पाण्यावर जगत होती. मुंबईला नळानं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहारचं. १८७९ साली तुळशी आला, आणि १८९० च्या सुमारास पवई. पवईचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही, म्हणून ते आज कारखान्यांना आणि आरेच्या दुग्ध वसाहतीला वापरायला जातं.

यांतल्या विहार आणि तुळशीच्या काठी पळायचा बेत मात्र करू नका. ते पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, तिथं परवानगीशिवाय जाता येत नाही. मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यात या दोघांचा वाटा शेकडा अडीचच्या आसपास, पण तो आपल्या हंड्यातला आहे. काठावर माणसांचा राबता नाही म्हणूनच ते पाणी स्वच्छ राहतं.

मग जायचं कुठं?

अंधेरी आणि घाटकोपरच्या भगिनींना पवई जवळ. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याच्या कडेनं, गणेश घाटाच्या बाजूनं तलावाकाठी चालायला जागा आहे. पलीकडं झाडी आणि आय. आय. टी. चा परिसर, मागं डोंगराची निळी रेघ. तलावाला पुरती प्रदक्षिणा घालता येत नाही, कारण पलीकडचा काठ संस्थांच्या आवारात आहे. तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. मात्र जायचं ते सकाळी लवकर. आठ वाजले की त्या रस्त्यावर गाड्यांचा धूर इतका होतो, की पळून जेवढं कमवाल तेवढं श्वासातून घालवाल.

बोरिवली-कांदिवलीकडच्यांनी राष्ट्रीय उद्यानात जावं. जवळजवळ १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यातून कान्हेरी लेण्यांकडं जाणारा डांबरी रस्ता! सगळा रस्ता एका दिवसात करायची गरज नाही. पहिले महिनाभर वीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर, एवढं पुष्कळ. तुळशी तलावातून निघणारी दहिसर नदी याच उद्यानातून खाली येते. पावसाळ्यात ती पाहिली की हीच पुढं वस्तीत नाला होते, हे खरं वाटत नाही. सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास आणि वेळा काय आहेत, ते फाटकावर विचारून घ्या.

मुलुंडच्या भगिनींनो, तुम्ही एक स्टेशन पुढं जा. ठाण्याचा मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, नवशिक्या बाईला फार सोयीची. सपाट रस्ता, सगळीकडून फिरता येतं, आणि माणसांचा वावर असतो. सवय झाली की येऊरच्या डोंगराखालचं उपवन. तिथं हवा निराळीच!

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पवईत मगरी आहेत. काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. त्या आपल्या वाटेला येत नाहीत, आपणही पाण्यात उतरायला किंवा काठाच्या गवतात शिरायला जाऊ नये. आरेच्या बाजूला आणि जंगलाच्या कडेला बिबट्याचा वावर आहे. २०२१ साली आरेत बिबट्यानं माणसांवर बरेच हल्ले केले. म्हणून तिकडं पुरतं उजाडल्याशिवाय जायचं नाही, एकटीनं तर नाहीच. लहान मूल बरोबर असेल तर त्याचा हात सोडायचा नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २०२१ साली महानगरपालिकेनं पवईच्या काठानं सायकलींची आणि पळण्याची वाट बांधायला घेतली. ऐकून कुणाला आनंद होणार नाही? पण त्यासाठी तलावाच्या कडेला दगड भरले जाऊ लागले. आय. आय. टी. तले विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवून भराव काढायला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं.

काही भगिनी म्हणतील, आमची हक्काची वाट गेली. मला तसं वाटत नाही. विहार आणि पवईचं जादा पाणी मिठी नदीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या मिठीनं कुर्ल्यापासून माहीमपर्यंत काय केलं, ते आपण पाहिलं आहे. पाण्याची जागा पाण्याला राहू द्यावी. आपल्याला पळायला पाण्याबाहेरची वाट चालते. तीच साफ, उजेडाची आणि सलग करून द्या, असा आग्रह आपण धरू या.

आणि आता 'कोणत्या तोंडानं?'

बारामतीच्या लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. साठी उलटलेल्या या बाई नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत पळाल्या आणि जिंकल्या. पुढं २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांचं काम त्यांनी स्वतःच केलं. त्यांना कुणी विचारलं नसेल का, कोणत्या तोंडानं पळता म्हणून?

आपल्याला शर्यत जिंकायची नाही. सलवार-कमीज घाला, ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला गच्च बांधा. घट्ट बसणारी ब्रेसियर आणि पायात मापाचे बूट, या दोन गोष्टींत काटकसर नको. चपलांवर पळाल तर गुडघे पुढं वसूल करतील.

सुरुवात अशी करा. पाच मिनिटं चालणं. मग एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. पळताना शेजारणीशी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. निघण्याआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर, आल्यावर नाश्ता पोटभर.

थोड्याशा पळण्यानंही फार धाप लागत असेल, तर 'वजनच वाढलंय' म्हणून स्वतःला दोष देऊ नका. आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्यांतली निम्म्याहून अधिक! छातीत दुखत असेल, रक्तदाब असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नका. आणि पळताना, शिंकताना लघवीचे थेंब जात असतील तर लाजून घरी बसू नका. बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींना होतं. त्या स्नायूंचे सोपे व्यायाम असतात, बाईच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि खरं सांगायचं तर अडचण तिथंच आहे. सहा ते सात ही वेळ घरात सगळ्यांची असते, फक्त आपली नसते. नळ, दूध, डबे, मुलांची आंघोळ! रात्री भाजी चिरून, कणीक मळून ठेवा, हे मी सांगीनच. पण सगळं काम रात्री उरकून आपण मोकळं व्हायचं, हा काही न्याय नव्हे. पाणी भरणं आणि दूध तापवणं एवढं यजमानांना आणि मोठ्या मुलांना सहज जमतं. 'जाऊ का?' असं विचारू नका. 'मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी मी सहाला निघते, सातला परत येते,' असं सांगा. सासूबाई घरात असतील तर एखाद्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या. त्या चालतील, तुम्ही पळा.

पहिल्या आठवड्यात दूध एकदा तरी उतू जाईल. जाऊ द्या. पुसायला त्यांनाच सांगा.